हृदयाला आधार, पायावर नजर

श्रोतेहो, प्रतापगड म्हटले की पुष्कळांना जावळीच्या खोऱ्यातला किल्ला आठवतो. पण आपल्या गोंदिया जिल्ह्यातही, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, एक प्रतापगड आहे. डोंगरावर महादेवाचे स्थान आहे, तसाच मुसलमान बांधवांचा दर्गाही आहे आणि महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. गड चढणाऱ्यांत शाळेची पोरे असतात, तशी साठी ओलांडलेली माणसेही असतात.

समजा, अशाच एका साठीच्या गृहस्थांच्या छातीत चढणीवर कळ आली, अंगाला दरदरून घाम फुटला. लोकांनी १०८ क्रमांकाची गाडी बोलावली. अर्जुनी मोरगावच्या ग्रामीण रुग्णालयात पहिला उपचार झाला आणि तेथून त्यांना पुढे नागपूरला नेले. तोवर हृदय फार थकले होते. रक्तदाब खाली आला, हातपाय गार पडू लागले. डॉक्टरांनी मुलाला सांगितले, “काही दिवस हृदयाला यंत्राचा आधार द्यावा लागेल. जांघेतून नळी घालू.” मुलगा सही करायला बसला, तर कागदावर लिहिलेले: पायाचा रक्तपुरवठा कमी होण्याचा संभव, रक्तस्रावाचा संभव, क्वचित पाय गमावण्याचा संभव. मुलगा बुचकळ्यात पडला. दुखणे छातीचे, मग पायाचा काय संबंध?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर आधीच ठाऊक असले, तर त्या घाईच्या घटकेला माणूस घाबरून जात नाही, आणि कधी कधी आपल्या माणसाचा पायही वाचवू शकतो. म्हणून आज हा विषय.

प्रथम हृदयाचे काम पाहू. हृदय म्हणजे एक पंप. मोठ्या माणसाचे हृदय स्वस्थ असताना दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त अंगभर पाठवते. खुद्द हृदयाला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद झाली की हृदयाचा तेवढा भाग मरू लागतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. मोठा भाग निकामी झाला की पंप इतका ढिला पडतो, की मेंदू, मूत्रपिंडे, आतडी यांना पुरेसे रक्तच मिळत नाही. ही अवस्था फार घातक असते. बंद वाहिनी उघडली तरी थकलेल्या हृदयाला सावरायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस निभावून न्यायला जी यंत्रे वापरतात, ती तात्पुरत्या आधाराची यंत्रे. घराची भिंत खचली की गवंडी येईपर्यंत आपण बल्लीचा टेकू देतो ना, तसेच हे.

असे टेकू मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. पहिला फुग्याचा पंप. एका बारीक नळीच्या टोकाला लांबट फुगा असतो. तो जांघेतल्या रक्तवाहिनीतून वर सरकवून छातीतल्या महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या वाहिनीत, ठेवतात. हृदय विसावते तेव्हा फुगा हेलियम वायूने फुगतो आणि रक्त हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांकडे लोटतो. हृदय आकुंचन पावणार, तोच फुगा मिटतो आणि हृदयावरचा भार हलका होतो. दुसरा प्रकार इंपेला नावाच्या इवल्याशा पंपाचा. तो थेट हृदयाच्या डाव्या कप्प्यात जाऊन बसतो आणि तेथले रक्त ओढून महारोहिणीत सोडतो. तिसरा एक्मो. यात एका मोठ्या नळीने काळसर रक्त शरीराबाहेर काढतात, कृत्रिम फुप्फुसातून नेऊन त्यात प्राणवायू मिसळतात आणि दुसऱ्या नळीने ते पुन्हा रोहिणीत, म्हणजे शुद्ध रक्ताच्या वाहिनीत, सोडतात. हृदय आणि फुप्फुसे दोन्ही दमली, तर हा आधार कामी येतो.

यांतला फुग्याचा पंप सर्वांत जुना. अमेरिकेतील ब्रुकलिन येथे डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ साली तो प्रथम रुग्णाला लावला. या विचाराचा पाया त्यांनी आपले शास्त्रज्ञ बंधू आर्थर यांच्याबरोबर १९५० नंतरच्या काही वर्षांतच घातला होता. तो काळ हृदयाच्या शस्त्रक्रियांच्या मोठ्या धाडसाचा होता. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले ते याच सुमारास, १९६८ च्या फेब्रुवारीत. त्या वेळी फुगा घालण्यासाठी जांघेतली रोहिणी शस्त्रक्रियेने उघडावी लागे. १९८० च्या सुमारास सुईने टोचून वाट करण्याची रीत आली. काम सोपे झाले, लवकर होऊ लागले, अधिक रुग्णांना आधार मिळाला. पण वाट तीच राहिली: जांघेची.

आणि इथेच मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. यंत्र हृदयासाठी असले, तरी ते जाते पायाच्या वाटेने. पायाला रक्त नेणारी मोठी रोहिणी जांघेत कातडीखाली हाताला लागते, म्हणून तिचीच निवड होते. पण ही वाहिनी आहे केवढी? मोठ्या माणसात साधारण ६ ते ९ मिलिमीटर. स्त्रियांत आणि लहान चणीच्या माणसांत त्याहून थोडी अरुंद. आता नळ्या पाहा. फुग्याची नळी सुमारे २.५ मिलिमीटर जाड. इंपेलाच्या काही पंपांना आत जायला ४ ते ५ मिलिमीटरची वाट लागते. एक्मोची रोहिणीतली नळी ५ ते ६ मिलिमीटर, कधी त्याहूनही जाड. सहा मिलिमीटरच्या वाटेत पाच मिलिमीटरची नळी बसली, तर पायाकडे जाणाऱ्या रक्ताला जागा उरली किती?

आपल्या भागाला हे समजावून सांगावे लागू नये. गोंदिया-भंडारा म्हणजे तलावांचा मुलूख. नवेगावबांधापासून लहानशा बोडीपर्यंत पाणी कसे अडवावे, पाळ कशी बांधावी, पाटाने ते धानाच्या बांधीपर्यंत कसे न्यावे, ही विद्या कोहळी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. समजा, तुमच्या पाटात कोणी पाटाच्या तोंडाएवढाच मोठा पाइप घातला आणि त्यातून पाणी उलट वरच्या अंगाला चढवू लागला. वरच्या शेताला पाणी मिळेल. पण खालच्या बांधीचे काय? ती कोरडी पडेल. एक्मोची नळी नेमके हेच करते. ती जांघेत शिरते आणि रक्त वर हृदयाकडे सोडते. खाली पाऊल राहिले, त्याच्या वाट्याला थेंब येईनासा होतो.

मग शेतकरी काय करील? पाइपाला बाजूने एक बारीक नळी जोडून खालच्या बांधीलाही थोडे पाणी सोडील. डॉक्टरही तेच करतात. मोठ्या नळीच्या खालच्या अंगाला, पायाच्या दिशेने, २ ते ३ मिलिमीटरची एक लहान नळी बसवतात आणि यंत्रातलेच थोडे रक्त पायाकडे वळवतात. ही युक्ती साधी आहे, पण तिने कित्येकांचे पाय वाचले आहेत. जांघेतली वाहिनी डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून ध्वनिलहरींच्या यंत्रावर, म्हणजे सोनोग्राफीवर, ती पाहून मगच सुई टोचणे, हीही तशीच एक खबरदारी.

नळीने वाट अडवली, एवढाच धोका नाही. नळीभोवती रक्ताची गुठळी होऊन ती खाली जाऊन अडकू शकते. म्हातारपणी किंवा मधुमेहात वाहिनीच्या भिंतीवर आतून चुनखडीसारखा थर बसतो. नळीच्या धक्क्याने त्याचा कण सुटून बोटांपर्यंत पोचू शकतो. कधी वाहिनीचा आतला पापुद्राच सुटतो. दुसऱ्या बाजूला रक्तस्राव आहे. यंत्रात गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपारिनसारखे, रक्त गोठू न देणारे औषध द्यावे लागते. मग टोचलेल्या जागी रक्त झिरपते, जांघेत निळी सूज येते. कधी रक्त बाहेर न दिसता पोटाच्या मागल्या बाजूस साचते. अशा वेळी कंबर किंवा पोट दुखते, रक्तदाब घसरतो; पण चादरीवर एक डागही नसतो.

श्रोतेहो, हे सारे ऐकून यंत्राचे नावच नको असे वाटेल. पण तसे समजू नका. यंत्र न लावण्यातही धोका असतो. कोणता धोका मोठा, हे तोलून पाहावे लागते, आणि डॉक्टर ते तोलतात तेव्हा त्यांच्यापुढे आकडे असतात. जर्मनीत ६०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुग्याचा पंप लावलेल्यांत ३० दिवसांत शेकडा ४० जण दगावले आणि न लावलेल्यांत ४१. म्हणजे झटक्यानंतर ढासळलेल्या प्रत्येकाला सरसकट फुगा लावून लाभ दिसला नाही. एक्मोचा असाच अभ्यास २०२३ साली आला. शेकडा मृत्यू ४८ आणि ४९, जवळजवळ सारखेच. पण ज्यांवर पुन्हा इलाज करावा लागला असे पायाच्या वाहिन्यांचे बिघाड एक्मो लावलेल्यांत शेकडा ११ होते आणि न लावलेल्यांत सुमारे ४. मोठा रक्तस्रावही दुपटीहून अधिक होता. याउलट २०२४ साली डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटन या देशांतून इंपेलाचा अभ्यास आला. त्यात निवडक रुग्णांपैकी १८० दिवसांत शेकडा ४६ दगावले, तर पंप न लावलेल्यांत ५९. म्हणजे शंभरांत तेरा जीव अधिक वाचले. पण पायाचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रमाण तेथेही शेकडा एकावरून सहाच्या घरात गेले.

या आकड्यांतून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, योग्य रुग्णाला योग्य आधार मिळाला तर जीव वाचतो. पण प्रत्येकाला यंत्र लावलेच पाहिजे असे नाही. डॉक्टर म्हणाले, “यांना यंत्राचा उपयोग होणार नाही,” तर तो हलगर्जीपणा समजून भांडू नका, कारण विचारा. दुसरी गोष्ट, यंत्राचा लाभ घ्यायचा तर पायावर पहारा ठेवलाच पाहिजे.

तो पहारा कसा ठेवायचा? पायाच्या स्नायूंना आणि मज्जातंतूंना रक्तावाचून फार वेळ तग धरता येत नाही. साधारण ४ ते ६ तासांत कायमचे नुकसान होऊ लागते. म्हणून दवाखान्यात परिचारिका तासातासाला पाय पाहतात, यंत्राने नाडीचा आवाज ऐकतात. पण भेटीच्या वेळी तुम्ही आत जाल, तेव्हा तुम्हीही पांघरूण थोडे वर करून पाहा. हात स्वच्छ धुऊन दोन्ही पावलांना स्पर्श करा. नळी असलेला पाय दुसऱ्यापेक्षा गार आहे का? पांढराफटक किंवा निळसर दिसतो का? पोटरी दगडासारखी घट्ट झाली आहे का? रुग्ण शुद्धीवर असेल तर विचारा: पाय दुखतो का, मुंग्या येतात का, बोटे हलवता येतात का? यांतले काहीही दिसले तर उद्याची वाट पाहू नका. तत्काळ परिचारिकेला किंवा डॉक्टरांना सांगा. रुग्ण भुलीखाली असेल, तर त्याला वेदना सांगता येत नाही. अशा वेळी आपल्या माणसांचे डोळेच त्याच्या कामी येतात.

आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. पाय गार लागला म्हणून तेल चोळू नका, गरम पाण्याची पिशवी लावू नका. आपल्याकडे पाय दुखला की मालीश करण्याची रीत आहे. पण रक्तच पोचत नसलेल्या पायाला शेक दिला तर कातडी भाजते आणि रुग्णाला ते कळतही नाही. मालीश केल्याने गुठळी सुटण्याची भीती असते. नळी आत असताना तो पाय सरळ ठेवायचा असतो. मांडी दुमडायची नाही, रुग्णाला उठवून बसवायचे नाही. नळी काढल्यावरही काही तास निजूनच राहावे लागते. “आता बरे वाटते, जरा टेकून बसवू या,” असा लाड त्या वेळी महागात पडतो.

घरी आल्यावरही आठ-पंधरा दिवस जांघेकडे लक्ष असू द्या. तेथे गाठ येऊन ती नाडीसारखी उडू लागली, सूज वाढली, जागा लाल होऊन पू आला, ताप आला, किंवा चालताना पोटरीत पेटके येऊ लागले, तर सरळ डॉक्टरांकडे जा. उडणारी गाठ म्हणजे वाहिनीला पडलेले छिद्र नीट बुजलेले नाही, याची खूण असू शकते. ती गळू समजून कोणाकडून फोडून घेतली, तर प्राणावर बेतेल. डॉक्टर सांगतील तितके दिवस धानाची पोती, पाण्याच्या घागरी उचलू नका.

आता कोणाला धोका अधिक? ज्यांच्या पायाच्या वाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्यांना. यात मधुमेही आले, उतारवयाची माणसे आली आणि तंबाखूची सवय असलेले आले. गोंदियाचे नाव बिडीच्या धंद्याने दूरवर गेले; पण बिडीचा धूर पायाच्या वाहिन्यांचा पहिला वैरी आहे. खर्राही हृदयाला सुखाने राहू देत नाही. म्हणून डॉक्टर विचारतील तेव्हा सवय लपवू नका. चालताना पोटरी भरून येते का, पूर्वी पायाला न भरणारी जखम झाली होती का, घरात सिकलसेलचा आजार आहे का, कोणती औषधे चालू आहेत, हे सारे मोकळेपणी सांगा. त्यावरून कोणत्या पायातून नळी घालावी, किती जाडीची घालावी, हे ठरते.

सही करण्यापूर्वी विचारायचे चार प्रश्न मी सांगतो, ते ध्यानात ठेवा. हे यंत्र कशासाठी लावता? साधारण किती दिवस राहील? पायाला रक्त मिळावे म्हणून काय व्यवस्था केली आहे? आणि पाय कोण, किती वेळाने तपासणार? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. नम्रपणे विचारले तर कोणताही चांगला डॉक्टर उत्तर देईल. यंत्र जितके लवकर काढता येईल तितके पायाला बरे, हेही डॉक्टर जाणतात. म्हणून “आज का काढता, आणखी राहू द्या,” असा आग्रह धरू नका.

कधी सारी काळजी घेऊनही पायावर संकट येते. पोटरीतला दाब उतरवण्यासाठी कातडीखालचे वेष्टन चिरून मोकळे करावे लागते. ती जखम मोठी दिसते, नातेवाईक हादरतात. पण ती पाय वाचवण्यासाठी असते. फार क्वचित पाय काढण्याची वेळ येते. अशा प्रसंगी कोणाची चूक झाली असेल, तर तिची विचारपूस करण्याचा हक्क तुम्हाला आहेच. पण प्रत्येक वेळी चूकच असते असे नाही. जीव आणि पाय यांच्या ओढाताणीत आधी जीव धरावा लागतो, हे समजून घेतले तर दुःख हलके होत नसले तरी मनात विष राहत नाही.

हा प्रसंगच येऊ नये यासाठी काय करावे? झटक्याच्या पहिल्या तासांत इलाज झाला, तर हृदयाचा मोठा भाग वाचतो आणि पुष्कळदा यंत्राची गरजच पडत नाही. छातीत दाबल्यासारखे वाटणे, कळ हातात किंवा जबड्यात जाणे, घाम फुटणे, दम लागणे, ही लक्षणे दिसली की गॅस समजून सोडा पिऊन बसू नका. उतरेल म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. १०८ ला फोन करा. जवळच्या रुग्णालयात हृदयाचा आलेख काढता येतो आणि गुठळी विरघळवण्याच्या औषधाचा निर्णय होतो. वेळ दवडू नका, तोच खरा टेकू आहे.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शरीरशास्त्राच्या तासाला मुलांना मनगटाची नाडी दाखवता, तशी पावलाचीही दाखवा. पायाच्या अंगठ्याच्या रेषेत, पावलाच्या वरच्या बाजूस मध्यावर दोन बोटे अलगद टेकवली की ती लागते. काही निरोगी माणसांत ती तेथे हाताला लागत नाही. मग आतल्या घोट्याच्या मागे पाहावे. बोटाचे नख दाबून सोडले की पांढरे पडलेले नख दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी होते, हेही दाखवा. वही-पुस्तक लागत नाही, एक पैसाही लागत नाही. ही मुले घरी जाऊन आजोबांचे पाऊल पाहतील, मधुमेही आजीच्या बोटांना हात लावतील. आणि उद्या घरच्या कोणाच्या हृदयाला यंत्राचा टेकू लागलाच, तर पांघरूण वर करून पाऊल पाहणारे कोणीतरी त्या खाटेशी असेल.